भरपूर वाचलं, पाहिलं, ऐकलं; तरी सुचत नाही, तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी सांभाळून कथा लिहिता, अधूनमधून कविता, हौसेने चित्रंही काढता. गेले काही महिने काही सुचत नाही. ज्यांना विचारलं त्यांनी भरपूर वाचा, प्रदर्शनं पाहा, गाणं ऐका असं सांगितलं. ते सगळं केलंत. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण कागदासमोर बसलं की हात चालत नाही.

तुम्हाला मिळालेला सल्ला अर्धा आहे. रसिक म्हणून वाचलं-ऐकलं की आनंद मिळतो आणि तो तिथेच संपतो. त्यात गैर काही नाही, पण त्यातून लिहायला माल मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. स्वतः काही करणाऱ्याला तो आनंद कशामुळे झाला हे हाताने तपासावं लागतं. त्यासाठी महिन्याला दहा पुस्तकं आणि चार प्रदर्शनं लागत नाहीत. एक चित्र, एक पान किंवा एक बंदिश पुरते. तिच्यावर तीन कामं करायची: आधी जमेल तितकी हुबेहूब नक्कल, मग मध्ये निदान एक रात्र जाऊ देऊन, मूळ न पाहता, आठवणीतून पुन्हा तेच, आणि शेवटी दोन्ही शेजारी ठेवून फरक टिपणं. बहुतेक जण पहिल्या कामावर थांबतात. खरा उपयोग तिसऱ्याचा आहे. आठवणीतून करताना तुम्ही जे गाळलंत, जे वाढवलंत, ज्याची जागा बदललीत, ते मूळ कलाकाराचं नसतं. तुमचा कल तिथे आयता सापडतो.

चित्रापासून सुरुवात करा, कारण फरक लगेच डोळ्यांना दिसतो. साधी वही, मऊ, गडद उठणारी ४बी पेन्सिल. खोडरबर घरी ठेवा. मूळ चित्र समोर असेल तर उत्तम, नाहीतर चांगली छापील प्रत. मोबाइलचा पडदा शक्यतो टाळा. तो भिंतभर चित्र आणि तळहाताएवढं लघुचित्र एकाच मापाचं करून दाखवतो, आणि बोटांनी मोठं करून पाहायची सवय लागली की मांडणी हरवून नुसते तपशील हाती राहतात.

दालनात पहिली पाच मिनिटं चित्राखालची पाटी वाचू नका. नाव आणि साल कळलं की आपण चित्राऐवजी माहिती पाहायला लागतो. डोळे किलकिले करा. रंग मागे पडतात आणि उजेड-अंधाराचे मोठे आकार तेवढे उरतात. वहीत साधारण ६ बाय ९ सेंटिमीटरचे, मूळ चित्राच्या प्रमाणातले तीन आयत आखा. प्रत्येकाला चार मिनिटं आणि फक्त तीन छटा: कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. नाकडोळे काढायचे नाहीत. माणसाचं चित्र असेल तर हात थेट चेहऱ्याकडे धावतो आणि बाकीची जागा उरेल तशी भरली जाते. म्हणून पहिला आयत कडांकडून आत भरत जा. दुसऱ्यात नजर पहिल्यांदा कुठे पडते, तिथून कुठे सरकते आणि चित्राबाहेर कुठून निघते हे बाणांनी दाखवा. तिसरा आयत चित्राकडे पाठ करून काढा. संग्रहालयांत साध्या पेन्सिलीला सहसा कोणी हरकत घेत नाही. शाईचं पेन, रंग, तिपाई यांसाठी आधी विचारून घ्या.

घरी छापील प्रतीवरून काम करायचं असेल तर चौकटी आखून करा. २० बाय ३० सेंटिमीटरच्या प्रतीवर अडीच सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या की ८ गुणिले १२, म्हणजे ९६ घरं होतात. तेवढीच घरं कोऱ्या कागदावर हलक्या हाताने आखा आणि एकेक घर उतरवा. एका बैठकीत वीस-पंचवीस घरांच्या पुढे जाऊ नका. डोळा थकला की हात अंदाजाने रेघ मारतो. या पद्धतीत बाह्यरेषा बिनचूक येते, पण चित्र मेल्यासारखं दिसतं. तक्रार करू नका, ते तसंच दिसतं. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटांत, चौकटी न आखता, आठवणीतून तेच काढलेलं चित्र जास्त चुकलेलं आणि जास्त जिवंत असेल. आता फरक लिहा. डोकं मोठं झालं का? मागची गर्दी गायब झाली का? एखादा हात मुळात खाली होता तो वर गेला का? दोन-तीन वेगवेगळ्या चित्रांत तोच फरक पुन्हा दिसला, म्हणजे प्रत्येक वेळी तुम्ही मागची माणसं गाळून एकालाच ठेवत असाल, तर तुमची पुढची कथा किंवा चित्र त्या एकट्या माणसाचं असण्याची शक्यता बरीच आहे.

नकलेचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याकडेच आहे. रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करत होता. १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेल्या त्याच्या बहुतेक प्रती जळाल्या. मग १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. ज्या वाचल्या त्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्या चमूत पेस्तनजी बोमनजी होते. पुढे त्यांनी बोधिसत्त्व रंगवत बसण्याऐवजी पारशी घरांतली माणसं रंगवली आणि त्यासाठीच ते ओळखले जातात. नकलेतून विषय उचलायचा नसतो, तो असा. उलट उदाहरणही याच गुंफांचं आहे: अर्धमिटले डोळे आणि लांबसडक बोटं एवढाच अजिंठा उचलून काढलेली चित्रं कॅलेंडरांवर आणि लग्नपत्रिकांवर ढिगाने सापडतील.

मग उचलायचं काय? पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी घ्या. आकृती भोवतालच्या माणसांपेक्षा कितीतरी मोठी आहे, डोकं एका बाजूला कललेलं, नजर खाली, हातात निळं कमळ. भोवती गर्दी आहे, पण कोणीही त्याच्याइतकं स्थिर नाही. म्हणजे मुख्य माणूस मोठा करणं ही एक युक्ती, आणि त्याची नजर कोणाशीही भिडू न देणं ही दुसरी. दुसरी युक्ती तशीच्या तशी कथेत नेता येते: गर्दीचा प्रसंग, सगळे बोलतायत, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो कोणाकडेही बघत नाही. बोधिसत्त्व नाही, कमळ नाही, लेणंही नाही. चित्रातून आलेली फक्त मांडणी.

जाता जाता एक सूचना. ज्या भिंतींचे पोपडे निघालेत त्याही पाहा. मातीचा गिलावा, त्यात मिसळलेला भाताचा तूस आणि काड्या, वर चुन्याचा पातळ थर, त्यावर लाल रंगाची पहिली रेघ: काम कसं रचलं ते तिथे उघडं पडलेलं दिसतं. कोणत्याही कलेत पूर्ण, गुळगुळीत झालेल्या गोष्टीपेक्षा अर्धवट राहिलेलं, कच्चं रेखाटन किंवा खाडाखोड असलेलं हस्तलिखित शिकायला जास्त सोयीचं. सर्वोत्तम कलाकृती निवडू नका. तिच्यापुढे फक्त हात जोडावेसे वाटतात. (अजिंठा सोमवारी बंद असतं. आत उजेड मंद असतो आणि फ्लॅश चालत नाही, तेव्हा जवळ छोटी दुर्बीण असली तर बरी.)

आता संगीत. इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, कारण संगीत पार्श्वभूमीला लावून लिहिण्याची सवय. उदास राग लावला, मन उदास झालं, उदास कविता आली. मूड अर्ध्या तासात उतरतो आणि दुसऱ्या दिवशी वाचताना कवितेत काहीच उरलेलं नसतं, कारण जे होतं ते गाण्यात होतं. त्यातून शब्द असलेलं गाणं असेल तर तेच शब्द तुमच्या वाक्यांत शिरतात. ऐकायचं तेव्हा फक्त ऐका, हातात पेन्सिल घेऊन; लिहायचं तेव्हा शांतता.

गाणं शिकलेलं नसलं तरी पुढचं जमतं. मध्य लयीतली त्रितालातली एक बंदिश निवडा, दहा मिनिटांच्या आतली. त्रितालाच्या १६ मात्रा, म्हणजे सोळा ठोके; ते एकदा पुरे झाले की एक आवर्तन. पहिल्या मात्रेवर सम, म्हणजे आवर्तनाची वजनदार सुरुवात; नवव्या मात्रेवर काल, म्हणजे तालातली ‘खाली’. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक आवर्तन आठ सेकंदांत पुरं होतं. पहिल्यांदा ऐकताना नुसता ठेका धरा. दुसऱ्यांदा मुखडा, म्हणजे बंदिशीची पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ, कुठून उचलला जातो ते पाहा; अनेक बंदिशींत तो कालेवरून उठतो आणि समेवर येऊन पडतो. तिसऱ्यांदा कागदावर दर आवर्तनाला एक आडवी रेघ मारा आणि गायक मुखड्यावर परत आला की रेघेवर फुली. दहा मिनिटांनी तुमच्यासमोर फुल्यांचा एक नकाशा असेल. सुरुवातीला फुल्या जवळजवळ, मग अंतरं वाढत जातात, कुठे पाच-सहा आवर्तनं मुखडा आलेलाच नाही, आणि जिथे तो इतक्या वेळाने आला तिथे तोच मुखडा वेगळा ऐकू येतो. हा नकाशा कथेला लावून पाहा. एक साधं वाक्य निवडा, ‘गॅस बंद केला का?’ इतकं साधं. नकाशात जिथे फुली आहे तिथेच ते येऊ द्या, एकही शब्द न बदलता. दर वेळी त्याच्या आधी काय घडलं यावर त्या वाक्याचा अर्थ बदलला पाहिजे. बदलत नसेल तर मधली आवर्तनं पोकळ आहेत.

विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालातून शिकायची गोष्ट वेगळी. विलंबित एकतालात १२ मात्रा. मिनिटाला १५ मात्रा धरल्या तर एक आवर्तन ४८ सेकंदांचं. गायक खालून वर एकेक स्वर उलगडत जातो, तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकाचा सा, बराच वेळ राखून ठेवतो, आणि तो लागतो तेव्हा ऐकणारा सैल होतो. यालाच बढत म्हणायचं. घड्याळ लावून ऐका आणि तार षड्ज पहिल्यांदा ठामपणे कितव्या मिनिटाला लागला ते लिहा. मग स्वतःची जुनी कथा काढा आणि त्यातली मुख्य बातमी कितव्या ओळीत फुटते ते मोजा. नवख्यांच्या कथेत ती बऱ्याचदा पहिल्या परिच्छेदातच फुटलेली असते.

पण संगीतातून लेखनाला मिळणारी सगळ्यात नेमकी देणगी म्हणजे भूप आणि देशकार हे दोन राग. दोन्ही रागांत स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोघांतही वर्ज्य, म्हणजे घ्यायचेच नाहीत. भूपात गंधार वादी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा स्वर, आणि धैवत संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा; देशकारात नेमकं उलट. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरात गायचा, देशकार सकाळचा. सामान तेच, कोणत्या स्वरावर थांबायचं आणि चलन कोणत्या बाजूला झुकवायचं एवढ्यावरून दोन वेगळी व्यक्तिमत्त्वं उभी राहतात. दोन्ही राग एकामागोमाग वीस-वीस मिनिटं ऐका आणि मग हा अभ्यास करा.

पाच गोष्टी घ्या: बसस्थानक, रात्रीचे साडेनऊ, पाऊस, एक बाई, स्टीलचा डबा. आता डबा वादी करा:

‘बाईच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. पावसाचा शिंतोडा आला की ती पदराने आधी झाकण पुसायची. साडेनऊची गाडी लागली, बसस्थानकावर एकच धांदल उडाली. तिने दोन्ही हातांनी डबा धरला आणि पिशवी बाकावरच राहिली.’

आणि आता वेळ वादी:

‘साडेनऊ होऊन गेले. शेवटची गाडी साडेनऊचीच. बसस्थानकाच्या पत्र्यावर पाऊस तासाभरापासून वाजत होता, आणि मांडीवर डबा घेतलेली बाई चौकशीच्या खिडकीवरचं घड्याळ बघून झालं की स्वतःचं बघत होती.’

पहिल्या तुकड्यात वाचणारा डबा कोणासाठी आहे हे विचारतो, दुसऱ्यात गाडी येणार का हे. बसस्थानकावर सहज सापडतं त्यापलीकडे नवीन काही आणलेलं नाही. वादी वस्तू वाक्याच्या वजनाच्या जागी येते, इतर गोष्टी तिच्याकडे वळतात, आणि प्रसंग तिच्यापाशी थांबतो. हा अभ्यास करताना एक चूक हमखास होते: वर्ज्य स्वर लागतो. म्हणजे बाईला आठवण येते किंवा तिच्या डोळ्यांत पाणी येतं. पाच गोष्टींनी भागेना की आपण सहावी उसनी आणतो. म्हणून सुरुवातीलाच वहीच्या कोपऱ्यात दोन वर्ज्य गोष्टी लिहून ठेवा. आठवणी आणि अश्रू या दोनांपासून सुरुवात करायला हरकत नाही. एकाच सामानाचे पाच वादी धरून पाच तुकडे लिहा. त्यांतला एखादा पुढे जायला मागतो.

पुस्तकाच्या बाबतीत नक्कल म्हणजे हाताने उतरवणं. टंकलेखन चालत नाही असं नाही, पण वेग इतका असतो की वाक्य डोळ्यांतून थेट बोटांत जातं, मध्ये थांबत नाही. आवडत्या लेखकाचं २५० ते ३०० शब्दांचं एक पान घ्या, संवाद कमी असलेलं. उतरवून झाल्यावर समासात प्रत्येक वाक्याचे शब्द मोजून आकडा लिहा. ४, २२, ६, ५, ३१ अशी रांग दिसेल. तुमच्या स्वतःच्या पानाची रांग बहुतेक वेळा १२, १३, ११, १४ अशी सपाट असेल. मग क्रियापदांखाली रेघ मारा. ‘होता-होती-आहे’ किती आणि हालचालीची क्रियापदं किती ते पाहा. परिच्छेद कशावर संपतो हेही टिपा: वस्तूवर, बोलण्यावर, की लेखकाच्या मतावर. दोन दिवसांनी तेच पान आठवणीतून लिहा आणि ताडून बघा. ही काही नवी युक्ती नाही. बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी एका नियतकालिकातल्या निबंधांवर नेमकं हेच केलं, निबंधांचे पद्य करून काही काळाने पुन्हा गद्य केलं, आणि आत्मचरित्रात ते लिहूनही ठेवलं आहे. त्याला मूळ लेखकापेक्षा आपलं एखादं वळण बरं जमलंय असं कधी कधी वाटे. तुम्हालाही वाटेल, त्या वळणाखाली लाल रेघ मारा.

कवितेसाठी मात्र उतरवण्यापेक्षा छंदात लिहिणं जास्त कामाचं. मोठ्या अभंगाचा साचा सोपा आहे: चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. जोडाक्षर एकच मोजायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. समजा मनात आलेलं वाक्य आहे, ‘कोऱ्या कागदासमोर बसलं की मला फार भीती वाटते.’ ‘कोऱ्या कागदाची’ इथे सहा अक्षरं झाली. पुढे ‘वाटे मज भीती’ हीही सहा. आता ‘भीती’ला यमक हवं: रीती, प्रीती, नीती, किती. ‘किती’ सोडून सगळी गुळगुळीत झालेली. म्हणजे ‘भीती’ हा शब्दच अडथळा आहे. तो बदलून ‘धाक’ केला की ‘टाक’, ‘हाक’, ‘राख’च्या जवळपासचे शब्द समोर येतात, आणि ‘टाक’ हे आज्ञार्थी क्रियापद असल्याने वाक्याचा सूरच फिरतो:

कोऱ्या कागदाचा । नको धरू धाक ।
आधी रेघ टाक । एक तरी ॥

तक्रार होती तिचा उपदेश झाला, आणि ‘मला वाटते’ बाहेर पडलं, कारण त्याला जागाच नव्हती. चौथ्या चरणाची चार अक्षरं फार कामाची आहेत: तिथे बोलणं अवचित थांबतं, पाल्हाळ करताच येत नाही. ही ओळ थोर नाही, व्हायचीही नव्हती. पण मूळ वाक्यात जे नव्हतं ते साच्याने मागून घेतलं. रोज असे तीन चरणगट, दहा दिवस. मग हवं तर मुक्तछंदात जा. गणवृत्त, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम ठरलेलं वृत्त, हवं असेल तर भुजंगप्रयात घ्या: लघु-गुरु-गुरु असा गट चार वेळा, ओळीला बारा अक्षरं. मनाच्या श्लोकांमुळे त्याची चाल बहुतेकांच्या कानात असतेच, आणि तीच त्याची अडचणही आहे. दुसऱ्या ओळीपासून आपण समर्थांच्या आवाजात बोलायला लागतो.

एका कलेतून दुसरीत जाताना अडचण अशी येते की आपण भाषांतर करायला जातो. रागमाला, म्हणजे एकेका रागावर काढलेली लघुचित्रं, करणाऱ्यांनी ते कसं टाळलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी रागाचे स्वर रंगवले नाहीत. रागाचं ध्यान, म्हणजे रागाला व्यक्ती मानून केलेलं शब्दवर्णन, घेतलं आणि त्यातून ठोस गोष्टी काढल्या: प्रहर कोणता, ऋतू कोणता, कोण एकटं आहे, सोबत कोणता प्राणी. म्हणून तोडी म्हणजे रानात वीणा घेतलेली स्त्री आणि भोवती जमलेली हरणं, आसावरी म्हणजे सापांच्या संगतीतली स्त्री. सोळाव्या शतकाच्या अखेरीची दख्खनी रागमाला चित्रं पाहायला मिळाली तर सोडू नका.

तुम्ही चित्र काढता, तर आलापाचा आलेख करून बघा. कागदावर २० सेंटिमीटरची आडवी रेघ. एक सेंटिमीटर म्हणजे सहा सेकंद, म्हणजे दोन मिनिटांचा आलाप बसतो. उभ्या दिशेला स्वराची उंची. नेमके स्वर ओळखता आले नाहीत तरी चालेल. आवाज वर गेला, खाली आला, थांबला एवढं पुरे. जिथे स्वर लांबवला तिथे आडवी रेघ येईल, मींड घेतली, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर आवाज सलग घसरला, तिथे उतार, गायक गप्प झाला तिथे खंड. ही रेघ उलटी, आडवी फिरवून पाहा आणि डोंगराची, छपरांची किंवा झोपलेल्या माणसाची कड म्हणून वापरा. खंड भरू नका. आलेखात खंड पडलेल्या जागा लोक सवयीने जोडून टाकतात आणि सगळ्यात चांगली जागा घालवतात.

संगीतातच एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याचं उदाहरण कुमार गंधर्वांचं. १९४८ मध्ये ते देवासला गेले, क्षयामुळे काही वर्षं गाणं बंद होतं, आणि त्या काळात माळव्यातली लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली. त्या धुनांच्या अभ्यासातून पुढे त्यांनी धुनउगम राग बांधले. लगनगंधार, सहेली तोडी ही त्यांतली नावं. आपल्या कामासाठी त्यातला मुद्दा एवढाच घ्या की लोकगीत घेऊन त्यांनी त्याचंच शास्त्रीय थाटाचं गाणं केलं नाही. धुनेत दडलेली स्वरांची चाल काढली आणि तिच्यावर राग उभारला. लेखकाने हेच करायचं तर आजीची गोष्ट पुन्हा सांगू नये. ती गोष्ट कोणत्या क्रमाने सांगते, कुठे थांबते, कोणाचं नाव कधीच घेत नाही ते लिहून काढावं आणि त्या चालीवर दुसरीच गोष्ट लिहावी.

वहीबद्दल. डाव्या पानावर नक्कल, उजव्या पानावर फरक. ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’ हे शब्द वहीत लिहायचे नाहीत. ते लिहिले की पाहणं थांबतं. ‘तिसऱ्या वाक्यात कर्ता नाही, तरी कोण बोलतंय ते कळतं, कारण आधीच्या ओळीत हातातली काठी आली’ अशी नोंद हवी. चित्रकार प्रभाकर बर्वे यांच्या रोजनिश्या कुठे पाहायला मिळाल्या तर पाहा, रेखाटन आणि विचार तिथे एकाच पानावर नांदतात. वेळेचा हिशेब असा ठेवा: सोमवारी नक्कल चाळीस मिनिटं, बुधवारी आठवणीतून वीस मिनिटं, लगेच पुढे फरक टिपायला वीस, आणि शनिवारी किंवा रविवारी सलग दोन तास फक्त स्वतःचं काम. आठवड्याला एकच कलाकृती. इंटरनेटवर चित्रं साठवत बसण्याचा छंद असेल तर आठवड्याला पाचांची मर्यादा घाला. पाचशे चित्रांच्या संग्रहातून कोणी काही काढत नाही, नुसतं आणखी साठवतो. पुण्यात असाल तर केळकर संग्रहालयात एक दुपार अडकित्त्यांसमोर बसा. काम एकच, सुपारी कातरायची. आकार मात्र नाना तऱ्हेचे. बारा अडकित्ते रेखाटले की ‘विषय नवा नाही’ ही तक्रार बरीचशी मावळते. मुंबईत जहांगीर कलादालन, समोरचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि लगतचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय एका चौकात आहेत, पण एका दिवसात तिन्ही उरकू नका.

उचलेगिरीची भीती वाटते म्हणून नक्कल टाळणारे पुष्कळ आहेत. सीमा अवघड नाही. सरावाच्या प्रतीवर ‘अमुक चित्रावरून प्रत’ असं त्याच दिवशी लिहून ठेवा, वर्षाने तुम्हालाच आठवणार नाही. तयार कामात युक्ती एकीकडून, विषय दुसरीकडून, तपशील स्वतःच्या परिसरातून आला असेल तर काळजीचं कारण नाही. तिन्ही एकाच ठिकाणहून आले असतील तर ती नक्कलच. भारतात साहित्य, संगीतरचना आणि चित्रं यांवरचा हक्क कर्त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. त्या आतलं काही जसंच्या तसं छापायचं, विकायचं तर परवानगी लागेल. वहीत उतरवून शिकायला अडचण येत नाही.

शेवटी एक शंका तपासून घ्या. कपाटातल्या अर्धवट कथा बाहेर काढा आणि प्रत्येक कुठे थांबली ते शब्दसंख्येत लिहा. अशा सात-आठ कथा असतील आणि त्या सगळ्या साधारण सारख्याच टप्प्यावर, समजा सातशे ते नऊशे शब्दांदरम्यान, थांबल्या असतील, तर सुचत नाही ही तुमची अडचण नाही. सुरुवाती तुम्हाला भरपूर सुचल्या आहेत. मध्य बांधता येत नाही. मग वर सांगितलेलं सगळं करा, पण नकलेसाठी कथेचं पहिलं पान निवडू नका. तीन हजार शब्दांची छापील कथा घ्या आणि हजाराव्या शब्दापासून पुढचं एक पान उतरवा.